काहीतरी चुकलं

रविवारी रात्री तांडेलकाका येतात
वाटीत भाजलेले सोडे घेऊन,
आणि टिळकनगरच्या दुसऱ्या मजल्यावरून
माझ्या लॅपटॉपमधलं अंतराळयान सुटतं.

यानाचे दरवाजे स्स् करून उघडतात.
"ग्रीस कोण लावतं यांना?" काका विचारतात.
"चारशे माणसं, आणि एकाचेही हात काळे नाहीत."

नायक भिंतीवरचं झाकण उचकटतो.
आत दोन वायरी. एक लाल, एक निळी.
काका इतके हसतात की सोडा घशात अडकतो.
"दोन! अगं, सायन सर्कलला फुटपाथखाली
एका केबलीत बाराशे जोड्या जोडल्यात मी.
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा,
पांढरा-तपकिरी, पांढरा-राखाडी,
मग लाल-निळा, लाल-नारिंगी..."
परवचा म्हणावा तसे म्हणत राहतात,
तोवर पडद्यावर पृथ्वी वाचलेली असते.

पेपरात आलं होतं, यंत्रं आता विचार करतात.
काकांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"करू देत की. आमचे साहेबसुद्धा करायचे.
खड्ड्यात मीच उतरायचो."

माझी तक्रार वेगळी आहे.
सिनेमातला संगणक फार स्पष्ट बोलतो.
लाल, ठळक अक्षरांत: प्रवेश नाही. इंजिन बंद. चार मिनिटं उरली.
खरा संगणक असं काही सांगत नाही.
मला माहीत आहे, कारण तो मराठीत जे बोलतो
ते मी लिहिते, विक्रोळीला, सातव्या मजल्यावर,
एका बटणात मावतील एवढ्या अक्षरांत.
"कृपया" काढायचं की ठेवायचं
यावर आम्ही एकदा अख्खा गुरुवार घालवला.

नोव्हेंबरात काका फोन घेऊन आले.
पेन्शनसाठी जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा होता.
चेहरा गोलात धरा.
धरला.
डोळ्यांची उघडझाप करा.
केली, अगदी मनापासून,
लहान मूल झोपेचं सोंग करतं तशी.
पडदा जरा वेळ फिरला, आणि म्हणाला:
काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

"कुणाचं?" काकांनी विचारलं.

वाक्य माझं होतं.
कर्ता मीच काढला होता, जागा वाचावी म्हणून.
मी म्हटलं, उजेड कमी आहे, खिडकीपाशी या.
ते खिडकीपाशी गेले, मग गॅलरीत, मग जिन्यात,
खालच्या बिस्मिल्ला झेरॉक्सच्या ट्यूबलाइटखाली.
सहाव्यांदा त्यांनी टोपी काढली,
देवळात काढतात तशी.
सहाव्यांदाही तेच.
"जॉइंट लूज आहे कुठेतरी," ते म्हणाले,
आणि शिवी दिली नाही.
दिली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी मीटिंगमध्ये मी सुचवलं:
"आमचं चुकलं."
अक्षरंही कमी लागतात, मी म्हटलं.
कायदा विभागाचा ऋतुपर्ण स्क्रीनवरूनच म्हणाला,
"आमचं म्हणजे नक्की कुणाचं?"
पुढे जेवणाची सुट्टी झाली.
वाक्य आहे तसंच आहे.
तुमच्याही फोनमध्ये असेल.

काका शेवटी बँकेत जाऊन आले, दोन बस बदलून.
काउंटरवरच्या मुलीने मान वर करून पाहिलं
आणि शिक्का मारला.
"तीन सेकंद," काका सांगत होते,
"अपडेट नाही, काही नाही."

काल पुन्हा सोडे, पुन्हा यान.
या वेळी यंत्रमानव होता, चांदीच्या गालांचा,
पावसाळी काचेशी उभा राहून कॅप्टनला विचारत होता,
मी जिवंत आहे का?
पार्श्वसंगीत वगैरे.
कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी.

काकांनी वाटी खाली ठेवली.
"डोळे मिचकाव बघू," ते त्याला म्हणाले.
मग माझ्याकडे वळून, हळूच,
"याला बँकेत पाठव. तिथली पोरगी चांगली आहे."